आधण, चाळिशी आणि ‘वय झालं’

दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचायला मी हात लांब केला, तो दिवस मला नीट आठवतो. सकाळचे साडेसहा वाजले होते. ओट्यावर चहाचं आधण ठेवलेलं, आणि पिशवीच्या कडेला छापलेले बारीक आकडे एकमेकांत मिसळून गेलेले. आधी वाटलं छपाईच खराब आहे. मग पिशवी खिडकीपाशी उजेडात नेली. मग हात आणखी लांब केला आणि आकडे सुटे झाले. मागे टेबलाशी बसलेली आई म्हणाली, “चाळिशी लागली गं तुला.” मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते.

वयाचा तो टप्पा आणि त्या टप्प्यावर नाकावर येऊन बसणारा चष्मा, दोन्हींना मराठीत चाळिशी हा एकच शब्द आहे. कुणीतरी कधीतरी माणसांकडे नीट पाहिलं असणार, त्याशिवाय असा शब्द तयार होत नाही. त्या सकाळपासून मीही पाहू लागले, आणि माझ्या लक्षात आलं की वय सगळ्यात आधी कळतं ते चहाच्या वेळी. कारण साधं आहे. तीस-चाळीस वर्षं आपण तीच कृती करत असतो. तेच पातेलं, तीच गाळणी, तोच कप, जवळजवळ तीच वेळ. बाकी सगळं जागच्या जागी असलं की जे बदललं ते आपोआप वर येतं. प्रयोगशाळेत याच पद्धतीने काम चालतं. आपल्या स्वयंपाकघरात असा एक प्रयोग रोज दोनदा होतो, आपण फक्त त्याची नोंद ठेवत नाही.

आधी चाळिशीचंच पाहू. डोळ्यातलं भिंग लवचीक असतं. त्याच्याभोवती बारीक तंतूंचं कडं असतं आणि ते तंतू एका गोल स्नायूला बांधलेले असतात. दूर पाहताना तंतू ताणलेले राहतात, भिंग चपटं असतं. जवळचं पाहायचं झालं की स्नायू आकसतो, तंतू सैल पडतात आणि भिंग आपसूक फुगीर होतं. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ साली हे मांडलं आणि ढोबळमानाने ते आजही टिकून आहे. अडचण अशी की हे भिंग जन्मभर वाढत राहतं. बाहेरून नवे थर चढतात, जुने आत दाबले जातात, एकही थर टाकला जात नाही. कांद्यासारखी रचना, फक्त वरची सालं कधी गळत नाहीत. असं होता होता ते घट्ट होतं. दहा वर्षांच्या मुलाला डोळ्यांपासून सात-आठ सेंटिमीटरवरचं अक्षर स्पष्ट दिसतं. चाळिशीच्या आसपास हे अंतर वीस-पंचवीस सेंटिमीटरवर जातं, आणि साठीत हाताची लांबीही पुरत नाही.

या थरांच्या गाभ्यातली प्रथिनं आपण आईच्या पोटात असताना तयार झालेली असतात. हे सिद्ध कसं झालं तेही ऐकण्यासारखं आहे. १९५०-६०च्या दशकांत वातावरणात अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या. त्याने हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला, आणि १९६३च्या करारानंतर बहुतेक चाचण्या जमिनीखाली गेल्यावर तो हळूहळू उतरत गेला. त्या काळात जे जे जन्मलं, वाढलं, त्यात त्या त्या वर्षाच्या हवेची खूण उमटली. २००८ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या भिंगांतला हा कार्बन मोजला. गाभ्यातली खूण त्या त्या माणसाच्या जन्माच्या सुमाराशी जुळली. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्वचेचा वरचा थर काही आठवड्यांत नवा होतो, आणि डोळ्याच्या मधोमध मात्र जन्माआधीचं प्रथिन तसंच असतं.

एवढी वर्षं बदली न झालेल्या प्रथिनाचं काय होतं, हे मला आईच्या कपबश्यांनी शिकवलं. आमच्याकडे पांढऱ्या कपबश्यांचा एक जुना सेट आहे. दोन-तीन वर्षं आई म्हणत होती, कप पिवळे पडलेत, चहाचे डाग निघत नाहीत. दुपारी सगळे झोपले की ती खायचा सोडा घेऊन ते घासत बसायची. मला ते पांढरेच दिसायचे, पण तिच्या समाधानासाठी मी काही बोलत नसे. मग तिच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्यावर दुसऱ्या दिवशी चहा घेताना तिने कप उचलला, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, आणि बराच वेळ गप्प राहिली. “हे पांढरे आहेत,” ती म्हणाली. नव्या डोळ्याला कप पांढरा दिसत होता, जुन्याला चहाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा. डाग कपावर नव्हताच.

भिंग वयाबरोबर पिवळं आणि पुढे तपकिरी होतं. निळा प्रकाश त्यातून कमी जातो, म्हणून गडद निळा मोजा आणि काळा मोजा यांतला फरक कळेनासा होतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्या वर्षांतल्या त्यांच्या चित्रांत लाल-तपकिरी रंगांचं राज्य आहे. १९२३ साली, वयाच्या ८२व्या वर्षी त्यांची शस्त्रक्रिया झाली आणि निळा रंग त्यांना परत भेटला. बदल इतका सावकाश होतो की आपलं भिंग पिवळं झालंय असं कुणाला वाटत नाही, जगच पिवळं पडलंय असं वाटतं. त्यात बाहुलीही लहान होत जाते. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. मंद दिव्यांच्या कॅफेत पदार्थांची यादी घेऊन खिडकीकडे वळणाऱ्या माणसाला खरोखरच कमी दिसत असतं. घरात आई-वडील असतील तर ओट्यावर आणि जिन्यात जास्त उजेडाचा दिवा लावा. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

भिंगाचा हा तपकिरी रंग आणि कॉफीचा तपकिरी रंग यांचं नातं आहे. कॉफीच्या बिया मुळात हिरवट असतात. दोनशे अंशांच्या आसपास भाजल्या की त्यांतली साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांना चिकटतात, त्यांतून नवी संयुगं बनत जातात, रंग चढतो, खमंग वास सुटतो. भाकरीवर पडणारे डाग, पावाची भाजलेली कड, खवा आटवताना येणारा बदामी रंग, सगळं याच जातीचं. लुई कामी मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली ही अभिक्रिया मांडली, म्हणून तिला त्यांचं नाव आहे. (चहाचा रंग वेगळ्या वाटेने येतो. पान चुरगळलं की त्यातलं विकर आणि हवेतला ऑक्सिजन कामाला लागतात. चिरलेलं वांगं काळं पडतं, तसं.)

आता शरीराकडे पाहा. साखर आहे, प्रथिनं आहेत, फक्त आच ३७ अंशांची आहे. तव्यावर दोन मिनिटांत होणारं काम इथे मंद आचेवर वर्षानुवर्षं चालू राहतं. जी प्रथिनं लवकर बदलली जातात त्यांना फारसा धोका नाही. जी जागची हलत नाहीत ती हळूहळू ‘भाजली’ जातात: भिंगातली, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतली, सांध्यांतली. सांध्यातल्या कूर्चेचं कोलॅजेन इतकं सावकाश बदलतं की ते निम्मं बदलायला शंभराहून जास्त वर्षं लागावीत असा हिशेब निघाला आहे, म्हणजे माणसाच्या आयुष्यात ते बदलतच नाही म्हणा ना. साखर चिकटून त्याच्या धाग्यांत आडवे टाके पडतात आणि ते कडक होतं. ऊन, धूम्रपान, पेशींतली इतर झीज अशी कारणं आणखीही आहेत, पण हे एक मोठं कारण आहे. ही भाजणी मोजण्याची चाचणी तर घरोघर माहीत आहे. मधुमेहींची ‘तीन महिन्यांची साखर’ काढतात, ती म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली याचं मोजमाप. इराणी वैद्यक संशोधक सॅम्युएल राहबर यांना १९६८ साली तेहरानमध्ये मधुमेहींच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन सापडलं. पेशी १२० दिवसच जगते, म्हणून चाचणी दोन-तीन महिन्यांचंच सांगते. भिंगाला विचारता आलं असतं तर त्याने जन्माचा हिशेब दिला असता. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की मोतीबिंदू लवकर येतो, यातलं एक कारण हेच.

कॉफीचं दुसरं लक्षण रात्री कळतं. माझी एक मैत्रीण माटुंग्यात वाढलेली. तिच्याकडे संध्याकाळी सहाला पितळी फिल्टरमधली कॉफी होते, आणि पंचविशीत ती पिऊन आम्ही दहा वाजता गाढ झोपायचो. आता तीच कॉफी, तोच फिल्टर, तीच मैत्रीण, आणि रात्री दीड वाजता मी छताकडे पाहत पडलेली. मेंदू दिवसभर काम करतो तसा त्यात अॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठतो आणि झोप आणतो. कॅफीन त्या अॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. रक्तातलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात. म्हणजे सहाच्या कॉफीचा निम्मा अंमल अकरालाही आहे. तरुणपणीही तो होताच, पण तेव्हा गाढ झोप इतकी दणकट होती की ती त्याला पुरून उरायची. गाढ झोपेचा वाटा मध्यमवयापर्यंतच झपाट्याने घटतो, झोप पातळ होते, आणि पातळ झोपेला एवढासा धक्काही पुरतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण चार कप कॉफीइतकं कॅफीन दिल्यावर लोकांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली. गंमत अशी की स्वतः त्या लोकांना तेवढी झोप गेल्याचं जाणवलंच नव्हतं. पहाटे चारला जाग येते म्हणणाऱ्याने झोपेच्या गोळीकडे वळण्याआधी दुपारनंतरचे कप मोजावेत.

हातांबद्दल मात्र मला थांबून लिहायचं आहे.

माझा मामा रविवारी सकाळी चहाला यायचा. टेबलाशी बसला की त्याचा डावा हात मांडीवर असायचा, आणि काही महिन्यांपासून त्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत असायची, वातीसाठी कापूस वळावा तशी. कप उचलायला हात पुढे केला की थरथर थांबायची. बशीत चहा ओतून तो एक थेंब न सांडता प्यायचा. म्हणून आम्ही सगळे निर्धास्त होतो. ज्याच्या हातून चहा सांडत नाही त्याला काय झालंय? आणखी एक गोष्ट होती. तो दर वेळी विचारायचा, “आलं घातलं नाहीस का गं?” मी आलं किसून, वर वेलदोडा ठेचून घातलेला असायचा. आई म्हणायची, वय झालं, चव गेली त्याची. जवळच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, वय झालं. दोन वर्षं अशी गेली. मेंदूविकारतज्ज्ञांनी त्याला खोलीत चार पावलं चालायला लावलं, डावा हात हलत नाही हे पाहिलं आणि पार्किन्सन्सचं निदान केलं.

ब्रिटिश वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं. त्यातली थरथर विश्रांतीची असते, म्हणजे हात स्वस्थ असताना दिसते आणि काही उचलताना बहुधा कमी होते. बहुतेकदा एकाच बाजूने सुरू होते. वास कमी होणं हे तर थरथरीच्याही कितीतरी वर्षं आधी येऊ शकतं. अक्षर बारीक होत जातं, बद्धकोष्ठ होतो, चेहऱ्यावरचे भाव आक्रसतात. आल्याचा वास न येणं ही आमच्यासमोर दर रविवारी ठेवलेली खूण होती. आम्ही तिला ‘वय’ म्हणालो.

याच्या उलट प्रकारची थरथर जास्त लोकांना असते. हात मांडीवर असताना काही नाही, पण कप उचलला की बशीवर खडखड सुरू. कप ओठांशी येईतो ती वाढते. अशी कृतीची थरथर पुष्कळदा घराण्यात चालत आलेली असते, पार्किन्सन्सशी तिचा संबंध नसतो, आणि तिच्यावर औषधं आहेत. थायरॉइड वाढल्याने, दम्याच्या काही औषधांनी, आणि हो, जास्त चहा-कॉफीनेही हात थरथरतो. वास जाणंही दर वेळी आजाराचं नसतं. साठीनंतर नाक हळूहळू मंदावतंच. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात, आलं-वेलचीचा स्वाद म्हणजे मुख्यतः वासच. म्हणून म्हाताऱ्या माणसांना चहा ‘नुसतं गोड पाणी’ वाटतो आणि ते साखर वाढवत जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की कपबशी कधी वाजते आणि कधी वाजत नाही हे पाहून ठेवा आणि डॉक्टरांना तेच शब्द सांगा. ‘हात थरथरतो’ यापेक्षा ‘कप उचलल्यावर थरथरतो’ या वाक्यात कितीतरी जास्त माहिती आहे. मामाला औषध सुरू झाल्यावर बरंच बरं वाटू लागलं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे रुग्ण आणि त्यांची माणसं एकमेकांना भेटतात. तिथे तो पहिल्यांदा मोकळेपणाने हसला.

कानांचं गणित वेगळं आहे. आईला एकदा सांगितलं, भाजीचे साठ रुपये झाले. ती म्हणाली, “आठ रुपयांत कुठे भाजी येते?” आम्ही सगळे हसलो. हसायला नको होतं. ‘साठ’मधला स काढला की ‘आठ’ उरतो, आणि तिच्या कानाने नेमका तो स काढून टाकला होता. आतल्या कानात शंखासारख्या नळीत साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. त्या जन्मतः मिळतात तेवढ्याच, गेली की माणसात पुन्हा उगवत नाहीत. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी असतात आणि त्याच आधी जातात. स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, खालच्या पट्टीतले असतात, ते शाबूत राहतात. स, श, फ, थ ही व्यंजनं उंच पट्टीतली, ती विरतात. म्हणून अशी माणसं म्हणतात, “आवाज येतो पण शब्द कळत नाही.” मोठ्याने ओरडून उपयोग नसतो, ओरडल्याने फक्त आ आणि ओ मोठे होतात. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललं की फरक पडतो.

चष्मा लावणं आपल्याकडे अभिमानाचं झालं आहे, श्रवणयंत्र लावणं अजून लाजेचं. मला याचं फार वाईट वाटतं. स्मृतिभ्रंशावर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी चौदा कारणं नोंदवली, त्यांत मध्यमवयातलं कमी ऐकू येणं हे एक प्रमुख कारण आहे. ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्पांतून उठून जातो, चहाच्या टेबलावर नुसता हसत बसतो, आणि ज्या मेंदूला दिवसभर बोलणं मिळायला हवं त्याला शांतता मिळते.

बुद्धीबद्दल आपली म्हण निष्ठुर आहे: साठी बुद्धी नाठी. ती अर्धीही खरी नाही. विचारांचा वेग तिशीपासूनच थोडा थोडा उतरतो हे खरं, पण शब्दसंपत्ती आणि अनुभवाची जाण साठीपर्यंत, कित्येकांत त्याच्याही पुढे, वाढत राहते. नावं मात्र अडतात. “अगं तो, आपल्या शेजारी राहायचा, स्कूटरवाला…” चेहरा आहे, स्कूटर आहे, नाव जिभेच्या टोकाशी येऊन थांबलेलं. आडनाव हा निरर्थक आवाज असतो. ‘हा माणूस गवळी आहे’ म्हटलं की म्हैस, चरवी, सकाळ, दूध अशा दहा धाग्यांनी ते मनात बांधलं जातं. ‘याचं आडनाव गवळी’ म्हटलं की एकच धागा. शब्द तोच, तरी व्यवसाय लक्षात राहतो आणि आडनाव सुटतं, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिलेलं आहे. वयाबरोबर आधी हे एकेरी धागे सैल होतात. तासाभराने भांडी घासताना नाव आठवलं तर घाबरायचं कारण नाही.

घाबरायचं केव्हा, याचं उत्तर मला चहा करण्यातच सापडतं. चहा करणं सोपं वाटतं ते सवयीमुळे. पाणी मोजायचं, गॅस लावायचा, उकळी येईपर्यंत आलं किसायचं, पावडर आणि साखर कुणाची किती ते ध्यानात ठेवायचं, दूध घालायची वेळ साधायची, गाळायचं, आणि गॅस बंद करायचा. १९९९ साली ब्रिटनमध्ये मायकेल लँड आणि सहकाऱ्यांनी चहा करणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला. हात एका वस्तूवर काम करत असताना डोळे जवळपास अर्धा सेकंद पुढच्या वस्तूवर पोचलेले असत. मेंदू कामाची पुढची पायरी सतत आखत असतो. हीच आखणी तपासायला इस्रायलमधल्या व्यवसायोपचार तज्ज्ञांनी ‘केटल टेस्ट’ तयार केली. रुग्णाला सांगतात, दोन गरम पेयं करा, एक तुमच्यासाठी, एक माझ्यासाठी. दोन्ही वेगळी हवीत, आणि किटलीचे भाग सुटे करून ठेवलेले असतात. तो अडखळतो कुठे, चूक त्याच्या लक्षात येते का, हे पाहून घरी एकट्याला राहता येईल का याचा अंदाज बांधतात. आपल्या घरात ही परीक्षा रोजच होते. एखाद दिवशी साखर विसरणं म्हणजे काही नाही. पन्नास वर्षं चहा केलेली बाई दूध आधी की पावडर आधी यापाशी थबकून उभी राहू लागली, तोच चहा दुसऱ्यांदा करायला घेऊ लागली, गॅस तसाच राहू लागला, तर ते नाव न आठवण्यासारखं नाही. तेव्हा तज्ज्ञांकडे जायला हवं, आणि लवकर. ब जीवनसत्त्वाची कमतरता, मंदावलेली थायरॉइड, नैराश्य यांनीही असं होतं, आणि ती कारणं वेळेवर सापडली तर माणूस पुष्कळदा सावरतो.

जाता जाता चहाबद्दलच दोन गोष्टी, कारण त्या फार घरांत चुकतात. थायरॉइडची गोळी चहा-कॉफीबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही, पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा ते एक तास थांबावं. जेवणाबरोबर चहा घेतला तर पालेभाजीतल्या, धान्यातल्या लोहाचं शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकतं, तासाभराचं अंतर ठेवलं तर बरंच वाचतं. आणि तहान. १९८४ साली ब्रिटनमधल्या एका प्रयोगात सत्तरीच्या आसपासच्या निरोगी पुरुषांना आणि तरुणांना चोवीस तास पाण्याविना ठेवलं. शरीर वृद्धांचं जास्त कोरडं पडलं, तरी तहान त्यांनाच कमी लागली आणि समोर पाणी आल्यावर ते कमीच प्यायले. उन्हाळ्यात आई ‘मला नको पाणी’ म्हणते तेव्हा ती खरंच सांगत असते. तिला तहान लागलेलीच नसते. म्हणून विचारायचं नाही, भांडं भरून हातात द्यायचं.

आता राहिली ती बरणी. चहापावडरच्या बरणीचं झाकण ज्या दिवशी फडकं घेऊन उघडावं लागलं, त्या दिवशी मी ते झाकणावरच ढकललं होतं. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास आला, भारतासह सतरा देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार माणसांच्या मुठीची ताकद मोजलेली. मूठ पाच किलोने सैल असेल तर मृत्यूचा धोका सोळा टक्क्यांनी जास्त, आणि रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही मूठ जास्त नेमकं भाकीत करते, असं त्यात दिसलं. मुठीने कुणी मरत नाही. मूठ ही अंगभरच्या स्नायूंची प्रतिनिधी आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांहून जास्त लोकांची घरोघर पाहणी केली, तीत मुठीची ताकदही मोजली आहे. ब्राझीलमधले डॉक्टर क्लाउदिओ जिल अराउजो तर माणसाला जमिनीवर बसून उठायला सांगतात आणि हात-गुडघा टेकला की एकेक गुण कमी करतात. पाटावर बसून जेवणाऱ्या आपल्या आजी-आजोबांनी ही परीक्षा दिवसातून दोन वेळा दिली. पाट गेला, टेबल आलं, आणि गुडघ्यांसाठी ते बरंही झालं. पण सवय सुटली की ताकद मुकाट्याने निघून जाते.

ती परत येते, हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. १९९० साली मारिया फियातारोने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीतल्या दहा जणांकडून मांड्यांचे व्यायाम करून घेतले, वजनं लावून, आठ आठवडे. नऊ जणांनी ते पुरे केले. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. भिंग जुनं होतं, केसपेशी उगवत नाहीत, पण स्नायू नव्वदीतही हाक ऐकतो. मी आता चहाला उकळी येईपर्यंत ओट्याला न धरता खुर्चीतून दहा वेळा उठते-बसते. मग एका पायावर दहा सेकंद उभी राहते, एकदा उजव्या, एकदा डाव्या. आधण उकळायला तेवढाच वेळ लागतो.

गेल्या दिवाळीनंतर आईने श्रवणयंत्र लावून घेतलं, बरेच महिने नाही-नाही म्हणून. पहिले काही दिवस तिला सगळ्याचा त्रास झाला, पंख्याचा, पिशवीच्या चुरचुरण्याचा, स्वतःच्या पावलांचा. डब्यात काढून ठेवायची, मी परत लावायला सांगायची. पंधरवड्याने असेल, मी ओट्यापाशी उभी राहून, चाळिशी नाकावर, दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचत होते. आधणाकडे माझी पाठ होती. बाहेरच्या खोलीतून, दाराआडून, आईचा आवाज आला, “अगं गॅस बारीक कर, वर आलंय ते.”